भिंतीवरची ओल आणि छातीतली घरघर

आषाढ-श्रावण सरतो, भाद्रपदात गणपती येऊन जातात, आणि नवरात्राच्या तयारीसाठी कपाट उघडावे तो आतून एक कुबट वास दरवळतो. जरीच्या साडीवर पांढरट ठिपके, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट लव, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर करडी भुकटी आणि कपाट हलविले की मागच्या भिंतीवर काळसर नक्षी! पावसाळ्याच्या प्रदेशात जन्म घालविलेल्या गृहिणीला हे दृश्य नवे नाही. कपड्यांना ऊन दाखवावे, भिंत फडक्याने पुसावी, डांबराच्या चार गोळ्या टाकाव्यात आणि पुढच्या कामाला लागावे, अशी आपली रीत आहे.

त्याच दिवसांत घरातील एखादे मूल पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकत उठते. नाक चोंदलेले असते आणि छातीतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येतो. दोष कधी केळ्याला दिला जातो, कधी दह्याला, कधी शाळेबाहेरच्या बर्फाच्या गोळ्याला. मुलाचे आवडते पदार्थ एकेक करून बंद होतात. पण ज्या भिंतीला टेकून त्याचा पलंग लावलेला असतो, त्या भिंतीकडे कुणाचे लक्ष जात नाही. कपाटामागची नक्षी आणि मुलाच्या छातीतील शीळ या दोन गोष्टी एकाच कारणाची दोन रूपे असू शकतात, हे आता वैद्यकशास्त्राने पुष्कळशा खात्रीने सांगितले आहे. सुरतेसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावयास हवी.

तापीचे शहर

सुरत हे पाण्याने घडविलेले शहर आहे. भुसावळजवळून वाहत आलेली तापी खानदेश ओलांडून, उकाईचे धरण पार करून येथे येते आणि शहराला वळसा घालून समुद्राला मिळते. वर्षाला सरासरी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्र जवळ असल्यामुळे पावसाने उघडीप दिली तरी हवेतील दमटपणा हटत नाही.

यात भर पडते ती पुराची. सुरतेच्या बोलीत पुराला ‘रेल’ म्हणतात, आणि जुने सुरतकर आपले वय रेलांवरून सांगतात. १९६८ ची रेल मोठी होती. पुढे १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. तरीही १९९४ आणि १९९८ साली पाणी शहरात आलेच. ऑगस्ट २००६ मधील पूर तर आजही सर्वांच्या स्मरणात आहे. उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. रांदेर, अडाजण या बाजूंना तळमजले बुडाले आणि लोक वरच्या मजल्यांवर व गच्च्यांवर अडकून पडले.

नदीचा पूर मोठा असतो, पण तो वर्षानुवर्षांनी येतो. लिंबायत, पर्वत पाटिया, डिंडोली या भागांतील रहिवाशांना दुसरा पूर अधिक परिचयाचा आहे. तो म्हणजे खाडीचा पूर. जोराचा पाऊस झाला की मिठी खाडीचे पाणी पसरते आणि सखल वस्त्यांत शिरते. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून रोजगारासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे याच परिसरांत स्थिरावली आहेत. तेथे अरुंद प्लॉटवर एकाला एक लागून घरे उभी राहिली आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या असतात, उजेड व वारा येण्याची वाट काय ती समोरून. पाणी आत येते ते दोन दिवसांत ओसरते. पण विटांनी पोटात घेतलेले पाणी महिनेच्या महिने बाहेर पडत नाही. पुराच्या बातम्यांत मृतांची, वाहून गेलेल्या मालाची, लेप्टोस्पायरोसिससारख्या तापाची मोजदाद होते. भिंतींत उरलेल्या ओलीची मोजदाद कोणीच करीत नाही.

बुरशीला काय लागते?

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. ती सजीवांची निराळीच सृष्टी आहे. तिला सूर्यप्रकाशावर अन्न तयार करता येत नाही, म्हणून ती मेलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगते. पानांचा पाचोळा कुजवून त्याची माती करण्याचे मोठे काम निसर्गाने तिच्यावर सोपविले आहे. आपल्या घरातील लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, कापूस, चामडे, भिंतीच्या रंगातील चिकट द्रव्ये, इतकेच काय पण भिंतीवर बसलेली साधी धूळदेखील तिच्या दृष्टीने पाचोळाच होय.

तिचे बीजाणू हवेत सर्वत्र आणि सर्वकाळ असतात. खिडकी कितीही घट्ट लावली तरी ते आत येणारच. ऊब आपल्या हवेत बारमाही आहे आणि अन्न प्रत्येक घरात आहे. राहता राहिले पाणी. घरातील बुरशीच्या साऱ्या प्रश्नाची किल्ली या एका शब्दात आहे. जेथे पृष्ठभाग ओला राहतो, किंवा त्याला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सुमारे ८० टक्क्यांवर राहते, तेथे बुरशी धरते. जेथे कोरडेपणा आहे तेथे बीजाणू नुसतेच पडून राहतात. भिजलेली गादी किंवा पुठ्ठा २४ ते ४८ तासांत वाळला तर बहुधा बुरशी धरत नाही. त्यापुढे मात्र तिचे राज्य सुरू होते.

घरात आढळणाऱ्या बुरशींत ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया या चार कुळांचा वावर मोठा आहे. ॲस्परजिलस व पेनिसिलियम यांचे बीजाणू अवघे दोन ते पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-पाच पट एवढे असतात. इतका बारीक कण नाकातील केसांत व ओलसर आवरणात अडकत नाही. तो थेट फुप्फुसाच्या आतल्या नलिकांपर्यंत पोहोचतो.

हवेतील या अदृश्य वस्तीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला वायुजीवशास्त्र म्हणतात. भारतात त्याचा पाया घालणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तत्कालीन मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांनी हवेतील बीजाणू गोळा करण्याचे यंत्र तयार केले आणि ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने देशभरच्या अभ्यासकांनी वापरले. शेतातील पिकांवरील रोगांपासून अजिंठ्याच्या लेण्यांतील हवेपर्यंत त्यांच्या संशोधनाचा पल्ला होता.

जुनी शंका, नवी खात्री

ओलसर घर रोगट असते, ही समजूत फार प्राचीन आहे. ज्यू व ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातील लेवीय या भागात घराच्या भिंतींवर हिरवट किंवा तांबूस डाग पडल्यास काय करावे, याचे तपशीलवार नियम आहेत. धर्मोपदेशकाने घर पाहावे, सात दिवस बंद ठेवावे, डाग पसरला तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत, गिलावा खरवडावा, आणि तरीही डाग परत आला तर घरच पाडावे! कारणाची कल्पना धार्मिक असली तरी उपायाचा क्रम आजच्या अभियंत्यालाही मान्य होण्याजोगा आहे.

सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १६९८ मध्ये दम्यावर ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी होता. मद्य आंबत असलेल्या तळघरात शिरताच एका रुग्णाला दम्याचा जबर झटका आल्याची नोंद त्याने केली आहे. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांनी त्याच प्रश्नाला प्रयोगाने हात घातला. ओल्या गवताच्या काडीवर बुरशी वाढवून त्यांनी तिचे बीजाणू स्वतःच हुंगले. आवाज बसला, छाती दाटली, आणि पुन्हा तो प्रयोग करण्याची त्यांची इच्छा उरली नाही. हे अनुभव त्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. ‘ॲलर्जी’ हा शब्दच तेव्हा जन्माला आलेला नव्हता. तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. आपल्या भाषेतील ‘वावडे’ हा शब्द मात्र त्याच अर्थाने कितीतरी आधीपासून घराघरांत नांदत होता.

अलीकडच्या काळात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार झाला आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून अहवाल दिले. ओलसर व बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, नाकाचे विकार, छातीतील घरघर आणि असलेल्या दम्याची वाढ यांचा त्रास अधिक होतो, या निष्कर्षावर दोन्ही अहवालांचे एकमत आहे. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००७ मध्ये जे गणित मांडण्यात आले, त्यानुसार ओलसर घरांत श्वसनाच्या तक्रारींचे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी जास्त आढळते. निरोगी मुलाला केवळ बुरशीमुळे नव्याने दमा जडतो का, याबद्दलचा पुरावाही वाढत आहे. पण तेथे शास्त्रज्ञ अधिक सावधपणे बोलतात. ओलसर घरात बुरशीबरोबर धुळीतील सूक्ष्म किडे, झुरळे आणि जंतूही वाढतात, आणि कोणाचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण असते.

यापेक्षाही आशादायक पुरावा अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातून आला आहे. तेथे ओलसर घरांत राहणाऱ्या ६२ दमेकरी मुलांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. २९ मुलांच्या घरांतील पाण्याची गळती बंद करून ओल व बुरशी हटविली गेली. उरलेल्या ३३ मुलांच्या घरी केवळ माहिती व सल्ला देण्यात आला. औषधोपचार दोन्हीकडे होतेच. दुरुस्तीनंतरच्या काळात पहिल्या गटातील अवघ्या एका मुलाचा दमा बळावला. दुसऱ्या गटात ही संख्या ११ होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ कोणत्याही गृहिणीला सांगावा लागणार नाही. गवंडी आणि नळ दुरुस्त करणारा कारागीर हेदेखील कधीकधी डॉक्टरांचे सहकारी असतात!

शरीरात काय घडते?

आपले शरीर परक्या जंतूंशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार करते. काही माणसांत, आणि हा गुण बव्हंशी आनुवंशिक असतो, शरीर निरुपद्रवी कणांनाही शत्रू समजते. बुरशीचा बीजाणू श्वासावाटे आला की त्यांच्या शरीरात ‘आय-जी-ई’ नावाची विशेष प्रतिपिंडे तयार होतात. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन यांनी स्वतंत्रपणे त्यांचा शोध लावला. ही प्रतिपिंडे नाकाच्या व श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच बीजाणू आला की त्या पेशी हिस्टामाइनसारखी द्रव्ये सोडतात. नाकात ते घडले तर शिंका व पाणी. श्वासनलिकेत घडले तर तिचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते, चिकट कफ साठतो आणि अरुंद झालेल्या वाटेतून जाणारी हवा शीळ घालू लागते. हाच दमा.

बुरशी मेली तरी तिचे कण ॲलर्जी उत्पन्न करण्यास समर्थच राहतात, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. म्हणून भिंतीवर औषध फवारून बुरशी नुसती मारण्याने काम भागत नाही. ती तेथून काढून टाकावी लागते.

दमेकऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत बुरशी आणखी एक पाऊल पुढे टाकते. ॲस्परजिलस फ्यूमिगेटस ही जात श्वासनलिकेतील कफातच बिऱ्हाड करते आणि शरीराची ॲलर्जी सतत पेटती ठेवते. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम वर्णिलेला हा विकार आपल्या देशातील छातीच्या रुग्णांत दुर्मीळ नाही, हे चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉक्टरांनी विस्तृत अभ्यासाने दाखविले आहे. खोकला, ताप, तपकिरी रंगाचा घट्ट कफ आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर डाग असे त्याचे रूप असल्यामुळे रुग्णाला क्षय समजून महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जातात. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसतील, औषधांनी उतार पडत नसेल आणि दम्याचा पूर्वेतिहास असेल, तर आय-जी-ईची रक्ततपासणी करावी काय, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

काळ्या डागाचे अकारण भय

एका बाजूला दुर्लक्ष, तर दुसऱ्या बाजूला अवास्तव भीती. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘ब्लॅक फंगस’ या नावाने म्यूकरमायकोसिसचे रुग्ण गुजरात व महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले, आणि न्हाणीघरातील काळा डागही लोकांना काळ वाटू लागला. म्यूकरमायकोसिस हा ॲलर्जीचा विकार नव्हे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर यांनी प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांत तो प्रामुख्याने झाला. भिंतीवरची काळी नक्षी बहुधा निराळ्याच बुरशीची असते आणि निरोगी माणसाला तिच्यापासून तो रोग होत नाही.

क्लीव्हलंडमध्येच १९९३-९४ च्या सुमारास काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला आणि दोष स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीवर ठेवण्यात आला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पुरावा पुन्हा तपासून २००० साली तो संबंध सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. तात्पर्य असे, की बुरशी काळी, हिरवी की पांढरी याला महत्त्व नाही आणि महागड्या प्रयोगशाळेत तिचे कुळ शोधण्याचीही गरज नाही. डोळ्यांना डाग दिसतो किंवा नाकाला कुबट वास येतो, एवढा पुरावा पुरेसा आहे.

घराची तपासणी

दमेकऱ्याची तपासणी डॉक्टरांनी करावी. घराची तपासणी घरच्यांनीच करावयाची असते. तिची सुरुवात पाणी कोठून येते, या प्रश्नाने होते. ओलीचे स्थान पाहिले की तिचे मूळ बहुधा कळते.

ओल छताशी किंवा भिंतीच्या वरच्या भागात असेल तर गच्चीतून अथवा वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून गळती आहे. ती भिंतीच्या मध्येच एका पट्ट्यात असेल तर आतून गेलेला नळ फुटलेला असावा. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे सुटून पांढरा लोणा धरला असेल, तर जमिनीतील पाणी विटांतून वर चढत आहे; जुन्या सुरतेतील आणि सखल वस्त्यांतील घरांत ही ओल नेहमीची. आणि कपाटामागे, कोपऱ्यात, पलंगाखाली ठिपके असतील, पण भिंत हाताला फारशी ओली लागत नसेल, तर तेथे हवा खेळत नाही एवढाच दोष असतो.

हवेत पाणी आपणही सोडतो. अंघोळ, स्वयंपाक आणि आपला श्वास यांतून रोज कित्येक लिटर वाफ घरात मिसळते. पावसाळ्यात बादलीभर कपडे खोलीत दोरीवर घातले, तर निदान दोन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जाते, आणि बहुधा ती मुलांच्या निजण्याचीच खोली असते.

सुरतेच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, तेव्हा खिडक्या उघडून काय साधणार, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. खिडकी उघडून हवा कोरडी होत नाही. पण घरात कोंडलेली वाफ निघून जाते आणि भिंतीलगतची हवा हलती राहते, हे लहान काम नव्हे. न्हाणीघराला व स्वयंपाकघराला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि काम संपल्यावरही तो काही वेळ चालू ठेवावा. कपाटे व पलंग भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावेत. कपडे गॅलरीत किंवा पंख्याखाली, पण निजण्याच्या खोलीबाहेर वाळत घालावेत. उघडीप मिळेल त्या दिवशी माळ्यावरच्या गाद्या व गोधड्या उन्हात टाकाव्यात. वातानुकूलन यंत्र असेल तर त्याची जाळी वारंवार धुवावी. थंड झालेल्या खोलीत दमट हवा शिरली की भिंतीवर दव जमते, हेही ध्यानात असावे. उन्हाळ्यातील कूलरचे वाळे हंगामाच्या शेवटी काढून टाकावेत आणि टाकी कोरडी करून ठेवावी. दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाताना घर महिनाभर बंद राहणार असेल, तर निघण्यापूर्वी नळ तपासावेत आणि कपाटांची दारे किलकिली ठेवावीत.

भिंतीवर आलेली बुरशी कोरड्या फडक्याने किंवा झाडूने झटकू नये. लाखो बीजाणू त्याच क्षणी हवेत उडतात. साबणाच्या पाण्याने ती ओली करून घासावी, पुसावी आणि जागा पंख्याने पूर्ण वाळवावी. नाकातोंडावर एन-९५ प्रकारचा मास्क असावा आणि खिडकी उघडी असावी. दमेकऱ्याने हे काम करू नये व त्या वेळी खोलीत थांबूही नये. ब्लीच वापरलेच तर ते शौचकूप धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये; त्यातून निघणारा वायू निरोगी माणसाचीही छाती जाळतो.

आपल्याकडे एक चूक दरवर्षी होते. दसरा-दिवाळीच्या रंगरंगोटीत ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंगाचा हात दिला जातो. सणापुरती भिंत उजळते आणि आतली ओल कोंडली जाते; पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटून बुरशी पूर्वीपेक्षा जोमाने वर येते. आधी गळती, मग वाळवणी, मग स्वच्छता आणि सर्वांत शेवटी रंग हा क्रम चुकला की पैसा वाया गेलाच म्हणून समजावे.

पुरानंतरचे घर

घरात पाणी शिरून गेले असेल तर पहिले दोन दिवस मोलाचे असतात. गाळ ओला असतानाच काढावा; वाळल्यावर त्याची धूळ होते. कापसाच्या गाद्या, उशा, प्लायवूडचे व भुशाच्या फळ्यांचे फर्निचर पुरात भिजले तर ते ठेवण्याचा मोह टाळावा. संसाराची वस्तू टाकताना जीव तुटतो, हे खरे. पण आतून न वाळणारी गादी पुढे वर्षभर बुरशीचे कोठार होते. लोखंड, पितळ, स्टील, प्लास्टिक, सागवानी लाकूड हे धुऊन, वाळवून वापरता येते. भिंतीवरचे फुगलेले पोपडे व गिलावा खरवडून विटा उघड्या कराव्यात म्हणजे त्या लवकर वाळतात. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हा काही आठवड्यांनी तपासलेल्या घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांत उघड दिसणारी बुरशी आढळली होती. श्रीमंत देशातील ही कथा, मग आपल्या दाट वस्तीची काय सांगावी?

भिंत मालकाची, श्वास भाडेकरूचा

आतापर्यंत सांगितलेले उपाय स्वतःचे घर असणाऱ्यांना जमण्याजोगे आहेत. पण भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने काय करावे? भिंत मालकाची, गच्ची मालकाची आणि खोकणारे मूल मात्र आपले! या प्रश्नाने इंग्लंडमध्ये एक कायदाच घडविला. रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये मरण पावला. कुटुंबाने घरमालक संस्थेकडे बुरशीबद्दल तक्रार केली होती. उत्तर मिळाले ते भिंत रंगविण्याचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायिक चौकशीत घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हेच मृत्यूचे कारण असल्याचा निर्णय झाला. २०२३ साली तेथील संसदेने सामाजिक गृहनिर्माणाच्या कायद्यात या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद केली. ओल व बुरशीची तक्रार येताच ठराविक मुदतीत चौकशी व दुरुस्ती करण्याचे बंधन तीमुळे सार्वजनिक घरमालक संस्थांवर आले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते अंमलात येऊ लागले.

आपल्याकडे असा कायदा नसला तरी शहाणपणाला बंदी नाही. खोली भाड्याने घेताना ती शक्यतो पावसाळ्यात पाहावी. उन्हाळ्यात प्रत्येक भिंत कोरडीच दिसते. मालकाशी बोलताना डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. गच्चीची दुरुस्ती हा साऱ्या इमारतीचा खर्च आहे, हे सोसायटीच्या सभेत मांडावे. आपली मराठी मंडळे गणेशोत्सवासाठी ज्या उत्साहाने वर्गणी जमवितात, त्याचा काही अंश एखाद्या वस्तीतील गळक्या छपरांसाठी लागला तर तीही देवाची सेवाच ठरेल.

औषधाची लाज नको

घर कोरडे करणे हा उपचाराचा एक भाग आहे. तो औषधाला पर्याय नव्हे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधील अंतर बुरशीने पाडलेले नाही. ते उशिरा झालेल्या निदानाने आणि अर्धवट उपचाराने पाडलेले आहे. ‘पंपाची सवय लागते’, ‘मुलीच्या लग्नात अडचण येईल’, अशा समजुतींपायी पुष्कळ घरांत श्वासावाटे घ्यावयाचे औषध लपविले किंवा सोडले जाते. वस्तुतः पंपातील औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून गोळीच्या मानाने त्याची मात्रा फार थोडी लागते. त्याची व्यसनासारखी सवय लागत नाही. झटक्यापुरते आराम देणारे औषध निराळे आणि सूज आटोक्यात ठेवणारे रोजचे औषध निराळे; हा फरक डॉक्टरांकडून नीट समजावून घ्यावा आणि बरे वाटले म्हणून रोजचे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

मुलाचा त्रास पावसाळ्यात व त्यानंतर वाढतो का, विशिष्ट खोलीत निजल्यावर वाढतो का, गावी किंवा आजोळी गेल्यावर आपोआप कमी होतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे एका वहीत महिनाभर लिहून ठेवावीत आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. मोठ्या तपासण्यांपूर्वीच ती पुष्कळ काही सांगून जाईल. रुग्णाला बोलताना वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर मात्र वही-चर्चेत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आपल्या आजी-पणजींनी पावसाळा संपताच घर सारवण्याची, गोधड्या उन्हात घालण्याची, धान्याला वाळवण देण्याची जी शिस्त पाळली, तिच्यामागे बीजाणूंचे ज्ञान नव्हते. पण ऊन आणि वारा घरात आणावा हे शहाणपण होते. सिमेंटच्या भिंती आणि बंद खिडक्यांच्या शहरात ते शहाणपण थोड्या नव्या माहितीची जोड देऊन पुन्हा अंगीकारावे लागेल. यंदाच्या साफसफाईत कपाट एकदा भिंतीपासून ओढावे आणि मागे डोकावून पाहावे. तेथे काही आढळले, तर रंगाचा डबा आणण्यापूर्वी पाण्याचा उगम शोधावा.